नेव्हिल डिसूझा : मेलबर्नचे तीन गोल

(संस्थेच्या वार्षिक क्रीडा व पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या समारंभात दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीच्या चरित्रावर कोणीतरी शिक्षकाने बोलावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. यंदा हे काम माझ्याकडे आले. आजची बक्षिसे खेळांची आहेत, तेव्हा चरित्रही खेळाडूचेच सांगू द्यावे अशी विनंती मी केली आणि ती मान्य झाली, याबद्दल मी आभारी आहे.

त्या खेळाडूचे नाव नेव्हिल डिसूझा. आपल्यापैकी बहुतेकांनी हे नाव ऐकलेले नसेल. दहावीच्या वर्गात मी विचारून पाहिले. मुलांनी क्रिकेट संघातील अकरा नावे एका दमात सांगितली, अर्जेंटिनाच्या मेस्सीने कोणत्या क्लबकडून किती वर्षे खेळ केला तेही सांगितले. पण नेव्हिलचे नाव काढताच सारा वर्ग गप्प. मी मुलांना दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही. आणि तरीही गोष्ट खरी आहे की ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल, म्हणजे ज्याला आपण हॅटट्रिक म्हणतो ती, करणारा पहिला आशियाई खेळाडू हा आपला नेव्हिल डिसूझा होय. तारीख होती १ डिसेंबर १९५६, गाव मेलबर्न, आणि समोर यजमान ऑस्ट्रेलियाचा संघ. (खेळाडूला एकेरीत बोलावण्याची आपली रीत प्रेमाची आहे, म्हणून मीही त्याला 'तो'च म्हणणार आहे.)

नेव्हिलचा जन्म ३ नोव्हेंबर १९३२ रोजी गोव्यात, बार्देश तालुक्यातील आसगाव या गावी झाला. गोवा त्या वेळी पोर्तुगीजांच्या ताब्यात होता आणि डिसेंबर १९६१ पर्यंत तसाच राहिला. म्हणजे ज्या गावात हा मुलगा जन्मला, ते गाव भारतात सामील होण्याच्या पाच वर्षे आधीच तो भारताचा पोशाख घालून ऑलिम्पिक खेळून आला. पोटापाण्यासाठी आणि शिक्षणासाठी गोव्याची कितीतरी कुटुंबे त्या काळी मुंबईस येत. नेव्हिलचा खेळही मुंबईतच वाढला. त्याचा भाऊ डेरेक हाही पुढे भारताकडून खेळला.

मुंबईतला फुटबॉल म्हणजे कूपरेजचे मैदान. तेथे १८९१ पासून रोव्हर्स कपचे सामने होत. बरीच वर्षे हा कप गोऱ्या पलटणीच नेत असत. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स हा तो जिंकणारा पहिला भारतीय मुलकी संघ ठरला आणि दुसऱ्या वर्षी त्याने तो पुन्हा जिंकला. त्याच सुमारास कलकत्त्याचा मोहमेडन स्पोर्टिंग १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे तेथील लीग जिंकत होता. फुटबॉल आपल्या लोकांना नवा नाही, एवढ्यासाठी हे सांगितले.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत कंपन्यांचे संघ पुढे आले. नेव्हिल टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि नंतर कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाकडून खेळला. खेळणाऱ्या मुलाला कंपनी नोकरी देई. दिवसा कचेरी आणि बाकीच्या वेळात मैदान. आजच्यासारखे कोटीचे करार तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १९५४ साली मुंबईने राष्ट्रीय स्पर्धेची संतोष ट्रॉफी प्रथमच जिंकली, त्या संघात नेव्हिल होता. गोलसमोर तो नेमक्या वेळी नेमक्या जागी असे, हा त्याचा गुण. चेंडू घेऊन चार जणांना चकवीत नेणारे खेळाडू आपल्याकडे पुष्कळ होते. चेंडू कोठे येईल हे आधी ओळखून तेथे जाऊन उभे राहणारे फार थोडे.

आता थोडे मागे जाऊ, कारण त्याशिवाय मेलबर्नची किंमत कळणार नाही. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचा संघ प्रथम उतरला. डॉ. तालिमेरेन आओ कर्णधार होते आणि आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. फ्रान्सकडून आपण २-१ असे हरलो, पण अब्रूने हरलो. १९५२ साली हेलसिंकीला मात्र युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल केले. आपला एकच, तो अहमद खानचा. थंडीचा देश, ओले मैदान, समोरच्यांच्या पायात बूट आणि आपले बरेच जण अनवाणी. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. अनवाणी खेळण्याचा आपल्याला फार अभिमान होता. अभिमानाची गोष्ट सोडून देणे किती अवघड असते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे!

आणि येथे या गोष्टीत एक शिक्षक येतो. सय्यद अब्दुल रहीम. जन्म १९०९, गाव हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. त्यांनी काचीगुडा मिडल स्कूल, दारुल उलूम हायस्कूल, चादरघाट हायस्कूल अशा शाळांतून नोकरी केली आणि शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली. आपल्यातील वडीलधाऱ्या मंडळींना वाशीमहून काचीगुड्याकडे जाणारी मीटरगेजची गाडी आठवत असेल. त्या काचीगुड्याच्या शाळेत हे मास्तर शिकवीत असत. १९४३ पासून ते हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव होते आणि १९५० पासून हैदराबाद सिटी पोलीसच्या संघाला शिकवू लागले. या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईला येऊन रोव्हर्स कप नेला. नेव्हिल त्या वर्षांत अठरा ते बावीस वर्षांचा होता. मुंबईत फुटबॉल खेळणारा कोणीही मुलगा त्या पाच वर्षांत कूपरेजवर हा संघ पाहिल्याशिवाय राहिला असेल, असे मला वाटत नाही.

रहीमसाहेब स्वतः मैदान गाजविलेले खेळाडू म्हणून प्रसिद्ध नाहीत. त्यांची प्रसिद्धी शिकविण्याची आहे. मी स्वतः बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक. म्हणून त्यांच्या शिकविण्याच्या पद्धतीकडे माझे लक्ष अधिक जाते. हैदराबादेत त्यांनी लहान मुलांसाठी चमत्कारिक वाटणाऱ्या स्पर्धा भरविल्या. एका स्पर्धेचा नियम असा, की चेंडू पायाशी घोळवत ठेवायचा नाही, आला की लगेच सोबत्याकडे द्यायचा. दुसऱ्या स्पर्धेचा नियम असा, की ज्या पायात जोर कमी, त्याच पायाने चेंडू मारायचा. आपल्याला हसू येईल. पण विचार करा, ज्या मुलाला गणित येते त्याला पुन्हा पुन्हा गणितच देऊन शिक्षक शाबासकी मिळवितो, आणि ज्याला जे येत नाही ते त्याच्याकडून करवून घेताना त्याच शिक्षकाला घाम फुटतो. रहीमसाहेबांनी घाम फुटणारे काम पत्करले.

त्यांच्या संघातील तुलसीदास बलराम हा सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडा येथील गरीब घरचा मुलगा. सरावाला येण्याजाण्याला पैसे नाहीत म्हणून तो कचरत होता. रहीमसाहेबांनी त्याला भाड्याच्या सायकलसाठी रोज एक रुपया देण्याची व्यवस्था केली. त्या काळात रुपया म्हणजे लहान रक्कम नव्हे. हाच बलराम पुढे मेलबर्नच्या संघात गेला आणि भारताच्या सर्वोत्तम आघाडीच्या खेळाडूंत गणला गेला.

तर असा हा मास्तर १९५६ साली संघ घेऊन ऑस्ट्रेलियात गेला. कर्णधार बंगालचा समर उर्फ बद्रू बॅनर्जी. प्रदीपकुमार बॅनर्जी, किट्टू, कन्नैयन, निखिल नंदी, केंपय्या, अझीझुद्दीन, लतीफ, नूर मोहम्मद, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, केरळचा रहमान, गोलरक्षक थंगराज आणि नारायण, आणि मुंबईचा नेव्हिल. नावे वाचूनच देशाचा नकाशा डोळ्यांसमोर उभा राहतो.

पहिला सामना हंगेरीशी ठरला होता. हंगेरी म्हणजे त्या काळचा जगातला सर्वांत भीतिदायक संघ. १९५३ साली इंग्लंडला त्यांच्याच वेम्बलीवर सहा गोल मारून आलेला. परंतु १९५६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत रणगाडे हंगेरीत शिरले, आणि त्यांचा फुटबॉल संघ मेलबर्नला आलाच नाही. आपण न खेळता पुढे गेलो. हे नशीब होते, ते नाकारण्यात अर्थ नाही. मात्र त्यामुळे उपउपांत्य फेरीत यजमान ऑस्ट्रेलिया समोर आला, आणि तेथे नशिबाचा काही संबंध उरला नाही.

१ डिसेंबरला सामना सुरू झाला आणि नवव्याच मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. सतराव्या मिनिटाला ऑस्ट्रेलियाच्या बॉब मोरोने बरोबरी साधली. तेहतिसाव्या मिनिटाला नेव्हिलचा दुसरा गोल. एक्केचाळिसाव्या मिनिटाला पुन्हा मोरो आणि पुन्हा बरोबरी. मध्यंतराला २-२. विद्यार्थी मित्रांनो, तुम्ही खेळता म्हणून तुम्हाला कळेल की दोन वेळा पुढे जाऊन दोन्ही वेळा बरोबरी झाली की पाय कसे जड होतात. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे. मध्यंतरानंतर पाच मिनिटे होतात तोच, पन्नासाव्या मिनिटाला, नेव्हिलने तिसरा गोल केला. ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. नेव्हिलचे वय त्या दिवशी चोवीस वर्षे अठ्ठावीस दिवस. ऑलिम्पिकच्या फुटबॉलमध्ये उपांत्य फेरी गाठणारा भारत हा आशियातील पहिला देश ठरला. आणि हा विजय योगायोगाचा आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यासाठी ऑलिम्पिकनंतर त्याच महिन्यात सिडनीला ऑस्ट्रेलियाशी पुन्हा एक सामना झाला. तो आपण ७-१ असा जिंकला.

उपांत्य सामना ४ डिसेंबरला, युगोस्लाव्हियाशी. होय, तोच संघ, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल केले होते. या वेळी मध्यंतरापर्यंत त्यांना एकही गोल करता आला नाही. आणि बावन्नाव्या मिनिटाला गोल झाला तो आपला. करणारा नेव्हिल. ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्याच्या उंबरठ्यावर भारत १-० ने पुढे! ही आघाडी अवघी दोन मिनिटे टिकली. चोपन्नाव्या, सत्तावन्नाव्या आणि पासष्टाव्या मिनिटाला युगोस्लाव्हियाने गोल केले आणि अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटाला आपल्याच सलामच्या पायाला लागून चेंडू आपल्या जाळ्यात गेला. ४-१. तिसऱ्या क्रमांकासाठी ७ डिसेंबरला बल्गेरियाशी खेळलो, तेथे ३-० अशी हार झाली. चौथा क्रमांक, म्हणजे पदक नाही.

मला विचाराल तर या सर्व चरित्रात त्या दोन मिनिटांची किंमत तीन गोलांपेक्षा अधिक आहे. १-१० वरून १-० वर यायला या संघाला चार वर्षे लागली. तेच युगोस्लाव्हिया, तेच आपले लोक. बदलले होते ते पायातले बूट, चेंडू लवकर सोडण्याची सवय, आणि एका शाळामास्तराने करून घेतलेला सराव. अंगात उपजत काही असावे लागते हे खरे. नेव्हिलच्या अंगात ते होतेच. पण उपजत गुण हेलसिंकीला गेलेल्या मुलांच्या अंगातही काही कमी नव्हते.

त्या स्पर्धेत नेव्हिलचे एकूण चार गोल झाले. युगोस्लाव्हियाचा वेसेलिनोविच आणि बल्गेरियाचा मिलानोव यांचेही चार. सर्वाधिक गोल करणाऱ्यांत तिघांची नावे बरोबरीने आहेत. पण मायदेशी फारसा गाजावाजा झाला नाही. बल्गेरियाशी हरण्याच्या आदल्याच दिवशी, ६ डिसेंबरला, आपल्या हॉकी संघाने अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे हरवून सलग सहावे सुवर्णपदक घेतले होते. साहजिकच वर्तमानपत्रांची पाने हॉकीने भरली. दूरदर्शन भारतात १९५९ साली आले, त्यामुळे ते तीन गोल येथे कोणी पाहिलेच नाहीत. पदक असते तर निदान भिंतीवर टांगता आले असते.

नेव्हिल मुंबईला परतला आणि पुन्हा कचेरी व मैदान सुरू झाले. १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्स कप जिंकला, त्या संघात तो होता. १९६० च्या रोम ऑलिम्पिकला भारत गेला तेव्हा तो संघात नव्हता. आणि त्यानंतर आजतागायत भारताचा फुटबॉल संघ ऑलिम्पिकला पोहोचलेला नाही. सरकारने १९६१ साली अर्जुन पुरस्कार सुरू केला, पहिल्याच वर्षी तो प्रदीपकुमार बॅनर्जीला मिळाला आणि योग्यच मिळाला. नेव्हिलच्या वाट्याला तो कधी आला नाही. १६ मार्च १९८० रोजी, सत्तेचाळिसाव्या वर्षी, त्याचे निधन झाले. मुंबईत वांद्र्याच्या फुटबॉल मैदानाला आज त्याचे नाव आहे, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. तेथे खेळणाऱ्या मुलांना तो कोण होता हे कोणी सांगते की नाही, देव जाणे.

रहीमसाहेब त्यापूर्वीच गेले. १९६२ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत, कर्करोगाने शरीर पोखरलेले असताना, त्यांनी संघ उभा केला. विरोधात ओरडणाऱ्या अफाट गर्दीपुढे अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असे हरवून सुवर्णपदक आणले आणि ११ जून १९६३ रोजी डोळे मिटले. २०२४ साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा हिंदी चित्रपट निघाला, तो काही मुलांनी पाहिला असेल. चित्रपटात संगीत आहे, गर्दी आहे. शाळेच्या मैदानावर मुलांना कच्च्या पायाने चेंडू मारायला लावण्याची कंटाळवाणी वर्षे चित्रपटात कशी दाखविणार?

आता पालकांशी दोन शब्द. मागील पालक सभेत एक सूचना आली होती की नववी-दहावीचा खेळाचा तास बंद करून तो गणित आणि इंग्रजीला द्यावा. सूचना करणारे गृहस्थ भले आहेत, त्यांचा हेतू चांगला आहे, आणि त्यांची भीती मला समजते. दिवसभर हातगाडी ओढून, शेतात राबून, शिवणयंत्रावर डोळे घालवून जो बाप फी भरतो, त्याला मुलगा चेंडूमागे धावताना दिसला तर पोटात गोळा येणारच. खेळणाऱ्याचे वाटोळे होते अशा अर्थाची एक जुनी म्हण आपल्या प्रत्येक घरात आहे. मीही ती ऐकत मोठा झालो. शिवाय मी आपल्याला फसविणार नाही. नेव्हिलचा संसार फुटबॉलवर चालला नाही, नोकरीवर चालला. त्या संघातील कोणी पोलिसात होता, कोणी रेल्वेत. आज खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत, पण त्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि तेथेही शिक्षणाचा दाखला लागतोच. तुमचा मुलगा फुटबॉलवर पोट भरील, असे मी सांगत नाही.

मी मागतो आहे तो आठवड्यातील दोन तासिका. सात दिवसांतला दीड तासही नाही. मी गणित शिकवितो म्हणून सांगतो, त्या दीड तासात त्रिकोणमिती जमून जाईल असे समजू नका. ज्या दिवशी मुले मैदानावरून येतात, त्या दिवशी पुढच्या तासाला ती पेंगत नाहीत, एवढे मात्र मी वर्षानुवर्षे पाहतो आहे. आणि एक गोष्ट वर्गात शिकविता येत नाही. स्वतःला गोल करण्याची संधी दिसत असताना चेंडू दुसऱ्याकडे द्यावा, हे फळ्यावर लिहून मुलाच्या अंगी येत नाही. मुलींच्या पालकांनाही माझी हीच विनंती आहे. त्यांच्यासाठी वेगळी वेळ आणि शिक्षिका यांची सोय करण्याविषयी मुख्याध्यापक साहेबांशी बोलणे झाले आहे. आता मातांचा होकार हवा.

आपले मैदान काही कूपरेज नाही. काळी माती, पावसाळ्यात पायाला शेरभर चिखल आणि उन्हाळ्यात बोट जाईल अशा भेगा. चेंडू तीन, त्यांपैकी एकाची हवा राहत नाही. बूट मोजक्याच मुलांकडे. या सर्व अडचणी संस्थेच्या कानावर घातल्या आहेत. बुटांसाठी मात्र मी आग्रह धरतो आहे, आणि का, ते हेलसिंकीचा आकडा ऐकल्यावर आपल्या लक्षात आले असेल. ज्या घरी लहान झालेले, पण धड बूट पडून असतील, त्यांनी ते शाळेत आणून द्यावेत. मापाप्रमाणे लावून ठेवण्याचे काम नववीची मुले करणार आहेत.

शेवटी एक सूचना. पुढच्या महिन्यात पाचवी ते आठवीच्या मुलांसाठी आपण रहीमसाहेबांच्या पद्धतीची एक स्पर्धा घेत आहोत. सात-सात मुलांचे संघ, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव. उजव्या पायाने मारणाऱ्याने फक्त डाव्या पायाने मारावे, डावखुऱ्याने फक्त उजव्या. चुकीच्या पायाने केलेला गोल धरला जाणार नाही. पंच मी स्वतः आहे, तेव्हा कोणी चलाखी करू नये. ज्यांना भाग घ्यायचा असेल त्यांनी आपापल्या वर्गशिक्षकांकडे शनिवारपर्यंत नावे द्यावीत आणि नावापुढे आपला कच्चा पाय कोणता, तेही प्रामाणिकपणे लिहावे.